दुधाच्या रतीबाचं ॲप: कोटलिन, फ्लटर की आणखी काही?

मागच्या महिन्यात आमच्या दाजींचा फोन आला. मिरजेत त्यांचा दुधाचा रतीब आहे, चारशेच्या आसपास घरं, नऊ पोरं पहाटे साडेचारला पिशव्यांचे क्रेट गाडीला लावून निघतात आणि सगळा हिशेब ताईच्या वहीत. महिनाअखेर आली की कुणाचे खाडे किती यावरून दोन-चार भांडणं ठरलेली. दाजी म्हणाले, "पाव्हणं, ॲप करायचं म्हणतोय. तिघांना विचारलं तर तिघं तीन सांगत्यात. एक म्हणतोय फ्लटर घ्या, दुसरा म्हणतोय रिॲक्ट नेटिव्ह, आन् तिसरा म्हणतोय नेटिव्हच करा न्हाईतर पैसे पाण्यात. ह्यातलं चांगलं कुठलं तेवढं सांगा."

दूधवाल्याच्या तोंडून पाण्याचा विषय निघाला तो मी वाढवला नाही. एवढंच म्हटलं, "दाजी, गिऱ्हाईक कोण ते न बघता तुम्ही म्हशीचं चांगलं का गायीचं ते सांगता का?" तर म्हणाले, "ते बी खरं हाय, पण निदान हे सगळं हाय काय ते तरी समजू दे." मग तासभर फोनवर जे काय सांगितलं ते इथे जरा नीट लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून आठ-दहा जण तरी विचारतात, कधी धंदेवाले, कधी कॉलेजची पोरं.

आधी ही भानगड सुरू का झाली ते बघू. २००८ च्या जुलैमध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, तेव्हा त्यात पाचशे ॲप होती, आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. दोन्हीकडची घरं वेगळी आणि घरातली भाषाही वेगळी. आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी लिहायला लागायची, ही १९८० च्या दशकातली भाषा, चौकोनी कंसांनी भरलेली, नवीन माणूस बघूनच घाबरायचा. अँड्रॉइडवाल्यांनी जावा घेतली, जी आपल्याकडे प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवली जायची, त्यामुळे इथली पोरं साहजिकच अँड्रॉइडकडे वळली. पुढे ॲपलने २०१४ ला स्विफ्ट आणली. अँड्रॉइडकडे गूगलने २०१७ ला कोटलिनला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तर नवीन सगळं आधी कोटलिनसाठीच असं जाहीर केलं. कोटलिन हे नाव रशियात सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटाचं आहे, जावाही बेटच, म्हणजे बेटावरून बेटावर उडी. स्विफ्ट आणि कोटलिन या दोन्ही भाषा चांगल्या आहेत, एकमेकींसारख्या दिसतातही, एक येत असेल तर दुसरी महिनाभरात वाचता यायला लागते. पण एकीत लिहिलेलं ॲप दुसरीकडे चालत नाही. म्हणजे एकच ॲप दोनदा लिहायचं, दोन माणसं ठेवायची, एकीकडचा बग म्हणजे कोडमधली चूक काढली की दुसरीकडेही काढायची. यालाच नेटिव्ह म्हणतात. दाजी म्हणाले, "म्हंजी एकच दूध दोनदा तापवायचं." अगदी तेच.

आता दोनदा तापवायला नको म्हणून लोकांनी पळवाटा काढल्या, आणि सगळा गोंधळ या पळवाटांच्या नावांचा आहे.

सगळ्यात जुनी पळवाट म्हणजे आत वेबसाइट आणि वरून ॲपची खोळ. याला हायब्रिड म्हणायचे. आयकॉन ॲपचा, पण उघडलं की आत ब्राउझरच असतो, फक्त त्याची वरची पट्टी लपवलेली. स्वस्त पडायचं, पण स्क्रोल करताना अडखळायचं. फेसबुकने स्वतः बराच काळ असं काहीतरी केलं आणि २०१२ मध्ये आयफोनचं ॲप पुन्हा नेटिव्हमध्ये लिहिलं, झकरबर्गने तेव्हा जाहीरपणे कबूल केलं की वेबवर जास्त भरवसा टाकला ही मोठी चूक झाली. तेव्हाचे फोन दुबळे होते हेही खरं, आज तीच गोष्ट बऱ्यापैकी चालते.

मग त्याच फेसबुकने २०१५ ला रिॲक्ट नेटिव्ह सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि गूगलने २०१८ च्या डिसेंबरात फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आणली. दोन्ही एकदाच लिहून दोन्ही फोनांवर चालवायची साधनं. या दोघांत फरक काय हे समजवायला मला नाटकाचा दौरा आठवतो. समजा पुण्याची एक नाटक कंपनी सांगलीला आली. एक पद्धत अशी की नट आणि संहिता घेऊन यायचं आणि खुर्च्या, टेबल, पडदा जे काही असेल ते सांगलीच्या थिएटरचं वापरायचं. रिॲक्ट नेटिव्हचं हे असं. तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबसाइटवाल्यांच्या भाषेत, लिहिता की इथे एक बटण पाहिजे, आणि फोन स्वतःचं बटण आणून ठेवतो, आयफोनवर आयफोनचं, अँड्रॉइडवर अँड्रॉइडचं. त्यामुळे ते त्या फोनचंच वाटतं, पण दोन गावच्या खुर्च्यांची उंची वेगळी असते तसं एकीकडे बरोबर बसलेलं दुसरीकडे चार पिक्सेल खाली येतं आणि ते नीट करत बसावं लागतं. पूर्वी जावास्क्रिप्ट आणि फोन यांच्यात निरोप एका पुलावरून जायचे आणि गर्दी झाली की अडकायचे, आता ती रचना बदललीय, ती तक्रार बरीच कमी झालीय.

फ्लटरवाले मात्र आख्खा सेट, लाइट, पडदे सगळं टेम्पोत घालून आणतात, थिएटरकडून त्यांना फक्त रिकामा रंगमंच पाहिजे. फ्लटर फोनचं बटण वापरतच नाही, स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका स्वतः रंगवतं. म्हणून सांगली असो की रत्नागिरी, नाटक सारखंच दिसतं. टेम्पोचं भाडं म्हणून ॲपचा साइज काही एमबीने वाढतो, आणि फोनमध्ये काही नवीन दिसणं आलं तर ते आपोआप तुमच्या ॲपला मिळत नाही, फ्लटरवाल्यांनी त्याची नक्कल करेपर्यंत थांबायचं. भाषा डार्ट, २०११ पासूनची, जावा किंवा जावास्क्रिप्ट येणाऱ्याला पंधरा दिवसांत हाताशी येते. फ्लटरबाहेर तिला फारसं कुणी विचारत नाही हेही सांगून ठेवतो. आणि कोड बदलला की चालू ॲपमध्ये तो सेकंदा-दोन सेकंदांत दिसतो, ही सोय एकदा अंगवळणी पडली की माणूस आळशी होतो, मी झालोय.

आणखी एक मधला रस्ता म्हणजे कोटलिन मल्टीप्लॅटफॉर्म, तो २०२३ च्या नोव्हेंबरात स्थिर म्हणून जाहीर झाला. यात हिशेबाचा, नियमांचा, सर्व्हरशी, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मधल्या कॉम्प्युटरशी, बोलण्याचा भाग एकदाच कोटलिनमध्ये लिहायचा आणि स्क्रीन वाटलं तर दोन्हीकडे वेगवेगळ्या करायच्या. ज्यांच्याकडे आधीच अँड्रॉइडची चांगली टीम आहे त्यांना हे जमतं. दाजींकडे टीम म्हणजे ताई आणि वही, त्यामुळे पुढे गेलो.

एवढं सांगून झाल्यावर दाजी म्हणाले, "मग फ्लटरच की." मी म्हटलं थांबा, अजून एकाही फोनकडे बघितलेलं नाही आपण. मग मी मिरजेला गेलो आणि एक दिवस पहाटे त्यातल्या एका पोरासोबत गाडीवर फिरलो. झोप गेली पण जे दिसलं ते फोनवर कळलं नसतं.

नऊच्या नऊ पोरांकडे अँड्रॉइड. यात आश्चर्य नाही, भारतात शंभरातले नव्वदच्या वर फोन अँड्रॉइडच आहेत. पण कुठले अँड्रॉइड? दोघांकडे दोन जीबी रॅमचे, एकाच्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा, आणि सगळ्यांची स्टोरेज गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी भरलेली. पिशव्या फ्रीझरमधून निघालेल्या, अंगठा ओला, ओल्या अंगठ्याला टचस्क्रीन नीट दाद देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आणि लिफ्टमध्ये नेटवर्क शून्य. म्हणजे 'दिलं' असं बटण दाबलं आणि ॲप गोल गोल फिरत बसलं तर पोरगा दुसऱ्या दिवशी ॲप उघडणारच नाही, वहीवर टिक मारून मोकळा होईल.

म्हणून पहिला नियम असा ठरला की नोंद आधी फोनमध्येच पडली पाहिजे. त्यासाठी एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आधीपासूनच असतो, तुम्ही कुठल्याही भाषेत लिहा, तो मिळतो. नेटवर्क आलं की नोंदी सर्व्हरवर जायच्या. ऐकायला सोपं आहे, पण खरा घोळ इथे होतो. समजा फोनने 'पाटील, दोन लिटर' ही नोंद पाठवली, सर्व्हरला मिळाली, पण मिळाली हा निरोप परत येताना नेटवर्क गेलं. फोनला वाटतं गेलीच नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि पाटलांच्या बिलात चार लिटर! यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक स्वतंत्र नंबर द्यायचा, सर्व्हरने तो नंबर आधी आलेला दिसला तर दुसऱ्यांदा धरायचा नाही. दुसरा घोळ खाड्यांचा. काकूंनी रात्री साडेअकराला उद्या दूध नको असं टाकलं आणि पोराचा फोन तेव्हापासून ऑफलाइन, तर खरं कुणाचं? हे कुठलीच लँग्वेज ठरवत नाही, हे दाजींनी ठरवायचं. आम्ही रात्री नऊची वेळ ठेवली, नऊनंतर सांगितलं तर उद्याचं दूध येणार. काकू चिडतील, पण त्या वहीच्या काळातही चिडायच्याच.

पाठीमागे गुपचूप नोंदी पाठवायचं काम आणखी एका कारणाने अवघड आहे, अँड्रॉइडने २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून स्क्रीनवर नसलेल्या ॲपला मागे काम करू देणं बरंच आवळलंय आणि काही फोनचं बॅटरी सेव्हर तर त्याहून कडक, ॲप सरळ मारून टाकतं. नेटिव्ह कोटलिनमध्ये यासाठी नीट सोय आहे. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्हमध्येही तीच सोय वापरता येते, पण मध्ये एक प्लगइन लागतं, म्हणजे फोनच्या सोयीशी गाठ घालून देणारा, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला कोडचा तुकडा.

आणि प्लगइन या शब्दावर मी जरा थांबतो, कारण तिथे माझा हात पोळलाय. काही वर्षांपूर्वी एका होलसेलवाल्यासाठी मी हायब्रिड प्रकारातलं ॲप केलं होतं, खिशातल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर पावती काढायची. ब्लूटूथसाठी कुणीतरी फुकट टाकलेलं प्लगइन घेतलं, मस्त चाललं, पैसेही मिळाले. मग अँड्रॉइड १२ आलं, त्यात जवळच्या ब्लूटूथ यंत्रांशी बोलायला वेगळी परवानगी मागायचा नियम आला, आणि प्ले स्टोअरवर ॲप अपडेट करायचं तर नवीन नियम पाळायलाच लागतात. प्लगइनवाल्याने दोन वर्षांत काहीच हलवलं नव्हतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर प्रिंटर बंद, गिऱ्हाईक दुकानात उभं आणि मी रात्रभर दुसऱ्याचा जावा कोड वाचत बसलो. चूक माझीच, घेताना बघायला पाहिजे होतं की हे प्लगइन कोण सांभाळतं, शेवटचा बदल कधी झाला, तक्रारींना उत्तरं देतात का. त्याच ॲपने आणखी एक धडा दिला, असले स्वस्त प्रिंटर देवनागरी अक्षरं सरळ छापत नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीतर चौकोन काढतात. पावतीचं आख्खं चित्र करून ते प्रिंटरला पाठवावं लागतं.

तर ॲपला फोनमधलं नेमकं काय काय पाहिजे याची यादी आधी करा. नुसती यादी, फॉर्म, फोटो, लोकेशन एवढंच असेल तर कुठलंही साधन चालेल. सतत ब्लूटूथ, कॅमेऱ्यातून चालू प्रक्रिया, घड्याळाशी जोडणं असलं काही असेल तर नेटिव्हकडे जा, नंतर रडण्यापेक्षा बरं. गेम करायचा असेल तर हा लेख सोडा आणि युनिटी हे गेम बनवायचं साधन उघडा.

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत, जी मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करून बघावी. 'मराठी' या शब्दाची लांबी कोटलिनला विचारा, डार्टला विचारा, जावास्क्रिप्टला विचारा, उत्तर येतं ५, कारण काना आणि वेलांटी ते वेगळी मोजतात. स्विफ्टला विचारलं तर ३, आपण मोजतो तसं. 'ज्ञानेश्वर' आपल्या डोळ्यांना चार अक्षरं, पण कोटलिनला १०. आता कुणी नावाच्या रकान्याला दहाची मर्यादा घातली तर ज्ञानेश्वर काठावर पास आणि त्यापुढे 'राव' लावलं की नापास. डार्टमध्ये यासाठी वेगळं पॅकेज आहे, पण ते वापरायचं हे आठवलं पाहिजे. तसंच इंग्रजी बघून केलेल्या बटणात मराठी घातलं की वरची मात्रा नाहीतर खालचा उकार कापला जातो, ओळीची उंची जरा जास्त ठेवावी लागते. हे डिझाइन करणाऱ्याला इंग्रजीत स्क्रीन दाखवून कधीच कळत नाही.

आता दुसरी बाजू, गिऱ्हाईकं. दाजींना वाटत होतं की चारशे घरांनी ॲप डाउनलोड करावं. मी विचारलं, "तुम्ही स्वतः पेपरवाल्याचं ॲप घ्याल का?" गप्प बसले. निम्मी गिऱ्हाईकं रिटायर लोक, त्यांना महिन्यातून दोनदा खाडा सांगायचाय आणि एकदा बिल बघायचंय, त्यासाठी फोनमध्ये आणखी एक आयकॉन कशाला? इथे साधी वेबसाइट पुरते, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायची, दाबलं की आपलं पान उघडलं. तीच जरा नीट केली तर होम स्क्रीनवर आयकॉन ठेवता येतो आणि नेट नसतानाही थोडंफार चालते, याला पीडब्ल्यूए म्हणतात. फ्लिपकार्टने २०१५ मध्ये फ्लिपकार्ट लाइट म्हणून हेच केलं होतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्यांच्याच मिंत्राने वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं आणि २०१६ मध्ये मुकाट्याने वेबसाइट परत आणली. मिंत्रासारख्याला लोकांना ॲपवर ढकलणं जमलं नाही, तर मिरजेच्या दूधवाल्याला कुठून जमायचं. फक्त एक अडचण, आयफोनवर अशा वेब ॲपला नोटिफिकेशन पाठवायची सोय २०२३ ला आली आणि तीही आयकॉन होम स्क्रीनवर ठेवला असेल तरच. पण दुधाचं नोटिफिकेशन हवंय कुणाला, पिशवी दाराला लटकलेली दिसतेच.

आयफोनचा प्रश्न असा सुटला तसे पैसेही वाचले. ॲपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलर आणि शिवाय मॅक लागतो, गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर. प्लेवर आता नवीन वैयक्तिक खातं असेल तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस टेस्टिंगमध्ये राहावं लागतं. नऊ पोरं, दाजी, ताई आणि भाचा, मोजून बारा!

राहता राहिलं पोरांच्या ॲपचं. सगळे फोन अँड्रॉइड, आयफोन नको, म्हणजे दोनदा तापवायचा प्रश्नच नाही, मग खरं तर कोटलिनच बरोबर, नाही का? कागदावर माझंही तेच मत होतं. पण काम करणारा मुलगा मिळाला तो सांगलीचा, फ्लटरमध्ये त्याने दोन ॲप चालवून दाखवलेली, कोटलिन त्याला पाट्या वाचण्याइतपत येतं. मी त्याला फ्लटरच घे म्हटलं, पण त्या दोन जीबीच्या फोनवर रोज टेस्ट करायची अट घातली, तुझ्या चकचकीत फोनवर चालतं हे मला सांगू नकोस. कारण ॲप एकदा बांधून विसरायची वस्तू नाही, गूगल दरवर्षी टार्गेट, म्हणजे ॲप निदान कितव्या अँड्रॉइडसाठी बांधलेलं हवं ती अट, वाढवतं, दर पावसाळ्याआधी कौलं चाळावी लागतात तसं वर्षातून एकदा तरी हात फिरवावाच लागतो, आणि तेव्हा फोन उचलणारा माणूस हवा. साधनांचंही तसंच असतं. झामारिन हे असंच एकदा लिहून दोन्हीकडे चालवायचं साधन, एके काळी मोठं नाव होतं, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १ मे २०२४ ला संपवला. हायब्रिडवाल्यांचं फोनगॅप ॲडोबीने २०२० मध्ये बंद केलं. एअरबीएनबीने दोन वर्षं रिॲक्ट नेटिव्ह वापरून २०१८ ला सोडलं, तेव्हा सगळे म्हणाले संपलं आता ते, पण ते अजून जोरात चालू आहे. त्यांची अडचण मुख्यतः अशी होती की आधीचं मोठं नेटिव्ह ॲप तसंच ठेवून त्यात हे घुसवलं, म्हणजे दोनाचे तीन झाले.

दाजींना एक गोष्ट मात्र लिहून दिली. प्ले स्टोअरचं खातं दाजींच्या नावावर, कोड ठेवायची जागा दाजींच्या नावावर, ॲपवर सही करायची किल्ली (ही एक फाइल असते) आणि तिचा पासवर्ड ताईच्या कपाटात. उद्या पोरगा पुण्याला नोकरीला गेला तर जाईना का, दुसऱ्याला कोड देता आला पाहिजे. बऱ्याच लोकांचं ॲप डेव्हलपरच्या खात्यावर असतं आणि भांडण झालं की ना कोड ना ॲप.

पहिली टेस्ट झाली तेव्हा 'दिलं' आणि 'खाडा' ही दोन बटणं शेजारी शेजारी होती. ओल्या अंगठ्याने एका सकाळी सतरा घरांचे खोटे खाडे पडले. आता 'दिलं' आख्ख्या रुंदीचं आहे आणि खाड्यासाठी दाबून धरावं लागतं. पोरं म्हणतात वहीपेक्षा बरंय. दाजींनी विचारलं, "मग वही बंद करू का?" मी नको म्हटलं, दोन महिने दोन्ही चालू द्या, ताई रोज दुपारी वही आणि ॲप शेजारी ठेवून जुळवते, आणि गेल्या आठवड्यात तिला गांधी चौकाकडच्या एका बिल्डिंगमध्ये अर्ध्या लिटरचा फरक सापडलाय, तो ॲपचा की पोराचा ते आता रविवारी जाऊन बघणार आहे.